साहेबांची सही होईपर्यंत

आमच्या हिच्या शाळेच्या साहित्य नोंदवहीत माझी नोंद आहे. भिंतीवरच्या नकाशांच्या खाली आणि पृथ्वीच्या गोलाच्या वर. तपशील : गृहस्थ, एक. स्थिती : वापरण्यायोग्य. हा दुसरा शेरा मुख्याध्यापिकांनी मला समोर उभं करून, चष्म्यावरून एकदा आपादमस्तक पाहून आणि थोडा विचार करून लिहिला. त्यांनी विचार करायला घेतलेला तो वेळ मी अजून विसरलेलो नाही.

झालं असं, की हिचा आवाज बसला. पहिली-दुसरीच्या मुलांवर इतकी वर्षं घालवलेला आवाज होता, बसणारच. पण या वेळी तो उठेना. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठी आल्याचं सांगितलं. "पुढच्या तपासणीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही," ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांनी ऐकलं नाही, तर हा आवाज परत येईल याची खात्री देत नाही." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मनात आलं, की घरात थोडी शांतता होईल. माणसाच्या मनात काय काय येतं.

ही पाटी घेऊन वावरू लागली. ‘हो’साठी एक टाळी, ‘नाही’साठी दोन, आणि ‘तुम्हाला काही सांगण्यात अर्थ नाही’ यासाठी तीन, असं ठरलं. तिसऱ्या प्रकाराचा वापर सर्वांत जास्त झाला. लेखी भांडणात माझा फायदा होईल असं मला वाटलं होतं, कारण कचेरीत माझा जन्म टिपणं लिहिण्यात गेला आहे. पण पाटीवरच्या भांडणात समोरचा माणूस आपलं वाक्य पुसून टाकतो आणि नंतर असं आपण म्हटलंच नव्हतं अशा चेहऱ्यानं बघतो. अशा प्रकरणात दाद मागायची कुठं?

आणि आठवडाभरातच मला ती शांतता खायला उठली. चहा ओतताना ‘पुरे’ म्हणायला कुणी नाही, म्हणून बशीत चहा सांडायचा. पाहुण्यांसमोर मी कचेरीतला एखादा किस्सा सुरू केला, की योग्य जागी ‘पुरे’ म्हणून तो संपवण्याचं काम हीच करत आली होती. आता माझे किस्से संपेनासे झाले आणि पाहुणे येईनासे झाले.

पण खरी अडचण शाळेत होती. हिनं तिथं लहान मुलांसाठी एक वर्ग सुरू केला होता. कॉम्प्युटरवर चित्रं काढता काढता प्रोग्रॅमिंग शिकायचं. पडद्यावर एक गोगलगाय असते. तिला ‘पुढे जा’ म्हटलं की ती जाते आणि मागे रंगीत रेघ सोडते. ‘वळ’ म्हटलं की वळते. पुढे जा, वळ, असं चारदा सांगितलं की चौकोन होतो. पण चारदा कशाला सांगायचं? ‘पुन्हा पुन्हा’ नावाचा एक ठोकळा असतो, त्याच्या पोटात हुकूम ठेवले की गोगलगाय आपली आपण तेच करत राहते. याला लूप म्हणतात. मग तो चौकोनच जरा जरा वळवत पुन्हा पुन्हा काढला, की पाकळ्यांवर पाकळ्या पडून फूल उमलतं. मुलं ते बघून श्वास रोखतात. मीही रोखला होता.

हा वर्ग एका कंपनीला द्यायचा प्रस्ताव आला होता. त्यात शिक्षिका नको, स्पीकरमधून एक गोड रेकॉर्ड केलेला आवाज शिकवणार. तो आवाज बसत नाही, रजा मागत नाही. महिन्याअखेरीस वरचे तपासणी अधिकारी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन बघायला येणार होते आणि त्यानंतर निर्णय होणार होता. ही रजेवर गेली असती, तर प्रदर्शन झालं नसतं आणि वर्ग गेला असता. त्या दिवशी ही पाटी मांडीवर घेऊन बसली होती आणि पाटी कोरी होती. तेव्हा मी म्हणालो, "बोलायचं काम मी करतो."

हिनं पाटीवर लिहिलं, "तुम्ही?" प्रश्नचिन्ह शब्दापेक्षा मोठं होतं.

मी सांडपाणी विभागात वरिष्ठ लिपिक आहे. शिल्लक रजा भरपूर होती. हिनं मला एका रविवारी दुपारी शिकवायला घेतलं. माझी पहिली गोगलगाय पडद्याच्या कडेतून बाहेर गेली ती परत आलीच नाही. दुसरीनं चौकोन काढला, पण त्याची शेवटची बाजू पहिलीला भेटली नाही. मी म्हटलं, आमच्या खात्याच्या नळांचंही तसंच असतं. तीन टाळ्या मिळाल्या.

नियमाप्रमाणे बाहेरच्या माणसाला वर्गात शिकवता येत नाही. मुख्याध्यापिका नियमाच्या फार पक्क्या. पण त्या मनानं वाईट नाहीत. त्यांनी नियमावली चाळली आणि म्हणाल्या, "शिक्षिकेला वर्गात लागेल ते साहित्य मात्र आणता येतं." पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या शर्टाच्या खिशावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवण्यात आली. "तुमचं व्यक्तिशः काही नाही," असं त्या म्हणाल्या. एके दिवशी ही त्यांच्याकडे थांबली आणि मी एकटाच घरी निघालो, तर पहारेकऱ्यानं फाटकात अडवलं. शिक्षिकेच्या सहीशिवाय साहित्य बाहेर जात नाही. सगळी मुलं घरी गेली तरी मी व्हरांड्यात उभाच. जाता जाता एक आई आपल्या मुलाला म्हणाली, "बघ, दंगा केला की असं होतं."

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे ‘शंका’ म्हणत. सात वर्षांची असेल. समोरचे दोन दात नुकतेच पडलेले आणि हात कायम वर. पहिल्याच दिवशी मी लूप समजावला, मुलांनी गोगलगायी सोडल्या, आणि शंकेचा हात वर गेला.

"काका, ही थांबणार कधी?"

हा प्रश्न बरोबर होता. ‘पुन्हा पुन्हा’च्या ठोकळ्यात एक मोकळी जागा असते, तिथं काय झालं की थांबायचं ते भरायचं असतं. पण मुलांना ते पटेना. मी हिच्याकडे पाहिलं. हिनं पाटी उचलली, पण तेवढ्यात मला माझं स्वतःचं उदाहरण सुचलं. इथून पुढं जे घडलं, त्याची जबाबदारी त्या सुचण्यावर आहे.

मी म्हटलं, लूप म्हणजे फाईल. आणि पाच मुलांना गोल बसवलं. एक लिपिक, एक मुख्य लिपिक, एक उपअधिकारी, एक आवक-जावक आणि शंकेला केलं साहेब. एक रिकामं पाकीट फिरवायला दिलं. फाईल साहेबांकडे गेली. मी शंकेला सांगितलं, "सही करायची नाही. काहीतरी विचारायचं." तिनं पाकीट उलटसुलट केलं आणि विचारलं, "हे आधी का नाही आणलं?" फाईल परत फिरली. पुढच्या फेरीत ती म्हणाली, "याच्यावर धूळ का आहे?" माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी ज्या साहेबांच्या हाताखाली काम केलं, त्यांना हे जमायला निम्मं आयुष्य लागलं होतं.

"म्हणजे साहेबांची सही होईपर्यंत फिरत राहायचं," मी म्हणालो. "मधे कुणी कितीही ओरडलं, तरी फाईल थांबत नाही. आलं लक्षात?"

सगळ्यांच्या लक्षात आलं. लहान मुलांच्या एकदा लक्षात आलं की ते जात नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोन दिवसांनी आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दंतवैद्य वहिनी जिन्यात भेटल्या. त्यांचा धाकटा हिच्याच वर्गात. तो सकाळी दात घासत राहिला, थांबेना. आईनं सही केल्याशिवाय थांबता येत नाही म्हणाला. "दंतवैद्य म्हणून मला आनंद आहे," वहिनी म्हणाल्या, "पण आई म्हणून उशीर होतो." आणखी एक मुलगा जेवणाच्या टेबलाभोवती फिरत होता, त्याचे वडील प्रवासाहून परत यायचे होते.

वहिनींनी जाता जाता एक सल्लाही दिला. रेघा जाड ठेवा, मागच्या रांगेतल्या पालकांना दिसल्या पाहिजेत. समोरच्या घरातले निवृत्त इंजिनिअर, ज्यांना सगळी इमारत ओळंबा म्हणते, कारण ते कुणाच्याही घरी गेले की भिंतीवरच्या तसबिरी सरळ करतात, त्यांनी तर येऊन प्रात्यक्षिकच मागितलं. गोगलगाय बघून ते म्हणाले, "हळू आहे."

"गोगलगाय आहे, आजोबा."

"ते ठीक आहे. पण साहेब थांबणार किती वेळ? वेग पूर्ण ठेवा." मग त्यांनी आमची तसबीर सरळ केली, जी सरळ होती, आणि ती तेव्हापासून वाकडी आहे.

मी दोघांचंही ऐकलं. शेजाऱ्यांचं मन मोडू नये असा माझा स्वभाव आहे, आणि त्याची किंमत नेहमी दुसरं कुणी तरी देतं.

प्रदर्शनासाठी शाळेचा प्रोजेक्टर मागितला, तर अर्ज ‘कारण नमूद करावे’ म्हणून परत आला. कारण नमूद केलं, तर ‘साहित्यानं साहित्य मागू नये, शिक्षिकेमार्फत यावे’ म्हणून परत आला. मला राग यायला हवा होता, पण या सगळ्यात मला अगदी घरच्यासारखं वाटत होतं. त्याच भरात मला प्रदर्शनाची कल्पना सुचली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक पांढरी चौकट ठेवायची. गोगलगाय फूल काढत राहील. साहेब येतील, चौकटीत सही करतील, आणि सही झाली की गोगलगाय थांबेल, चित्र पूर्ण होईल. पाहुण्यांचा मान, लूपचं प्रात्यक्षिक, सगळंच साधलं.

हिनं पाटीवर लिहिलं, "आणि त्यांनी केली नाही तर?"

मी हसलो. चित्रावर सही करायला काय लागतं? सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसानं हा प्रश्न हसत हसत विचारला, याची नोंद कुठल्या तरी वहीत व्हायला हवी.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. पालक, दंतवैद्य वहिनी, ओळंबा आजोबा (आल्या आल्या त्यांनी फलक सरळ केला), आणि डझनभर जुने कॉम्प्युटर, प्रत्येकापुढे एक मूल. शंकेचं चित्र प्रोजेक्टरवर होतं. जांभळ्या पाकळ्या, मधे पिवळा गाभा. ती आठवडाभर त्या एका जांभळ्या रंगावर बसली होती, कारण तिच्या मते पहिला जांभळा ‘रागावलेला’ होता. ही मुलांच्या मागे उभी होती. दोनच दिवसांनी हिची घशाची तपासणी होती. हॉलमध्ये शिरताना हिनं माझा हात धरला होता.

साहेब आले. सभ्य, बारीक, खिशाला एकच पेन. मुलांनी गोगलगायी सोडल्या आणि सगळ्या पडद्यांवर फुलं उमलू लागली. हॉलमधून ‘वा’ असा आवाज आला. शंकेनं माऊस साहेबांपुढे केला.

"हे काय?"

"सही करायची, साहेब," मी म्हणालो. "चित्रावर."

साहेबांचा हात पाठीमागे गेला. "पूर्ण झालंय का हे?"

"आपण सही केली की पूर्ण होतं."

"अपूर्ण कामावर मी सही करत नाही."

"सही झाल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, साहेब."

"मग पूर्ण झाल्यावर आणा," ते शांतपणे म्हणाले.

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर हेच म्हणालो असतो, आणि एवढ्या थोड्या शब्दांत म्हणू शकलो नसतो.

पण गोगलगायी थांबल्या नव्हत्या. पूर्ण वेगानं, जाड रेघांनी, फुलावर फूल चढत होतं. पाकळ्यांमधल्या मोकळ्या जागा भरल्या. पिवळा गाभा बुजला. ज्यांनी रंग बदलते ठेवले होते त्यांच्या चित्राचा चिखल व्हायला लागला. जुन्या कॉम्प्युटरांचे पंखे घरघरू लागले. शंका पडद्याकडे बघत होती. ती रडत नव्हती, पण तिचा हात वर नव्हता, आणि तिचा हात वर नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"थांबवा रे," मी म्हणालो. "तो लाल ठोकळा दाबा."

"सही झाली?" शंकेनं विचारलं.

"नाही झाली. पण थांबवा."

"मग कसं थांबवायचं, काका? तुम्हीच सांगितलंय, मधे कुणी कितीही ओरडलं तरी थांबायचं नाही."

"आणि तुम्ही साहित्य आहात," दंतवैद्य वहिनींचा धाकटा म्हणाला. तो खोडसाळपणे म्हणाला नाही. वर्गात बोलणाऱ्या गोष्टींपैकी कुणाचं ऐकायचं, एवढंच त्याला स्पष्ट करून हवं होतं.

मी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्या साहेबांकडे बघत होत्या. वरिष्ठ हजर असताना त्या कुणालाही काही सांगत नसत. साहेबांनी खिशातून पेन काढलं, पण ते माऊससाठी नव्हतं, डायरीसाठी होतं. आता ते काय लिहिणार, हे मला दिसत होतं. वर्ग हातचा चालला होता, आणि तो मी घालवला होता, माझ्या फाईलनं आणि माझ्या चौकटीनं.

तेव्हा हिनं टाळ्या वाजवल्या. दोन. नाही, असं. पण हॉलमध्ये ते कुणाला ठाऊक? पालकांना वाटलं, बाईंनी सुरुवात केली. सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. ही घाईघाईनं आणखी दोन वाजवी, हॉल आणखी जोरानं वाजवी. पंखे घरघरत होते, टाळ्या चालल्या होत्या, गोगलगायी धावत होत्या, आणि हे सगळं कोण थांबवणार याचा विचार कुठल्याच ठोकळ्यात केलेला नव्हता. हिनं शंकेच्या पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला कळलं ही काय करणार आहे, आणि मी मान हलवून नको म्हणालो. जीव तोडून नको म्हणालो. डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात होतं.

"पुरे," ही म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. खरखरीत, तळातून आलेला, एकच शब्द. पण डझनभर बोटं लाल ठोकळ्यावर पडली आणि हात मांडीवर गेले, हिच्या वर्गात इतकी वर्षं जातात तसे. टाळ्या थांबल्या. साहेबांचं पेन थांबलं. नको म्हणत हलणारी माझी मानही थांबली.

त्या शांततेत शंकेचा हात वर गेला. "बाई, माझं जास्त झालं. पुन्हा करू?"

एक टाळी. शंकेनं पडदा पुसला, मोकळ्या जागेतून ‘साहेब’ काढून टाकले आणि गोगलगाय सोडली. जांभळी पाकळी, मग दुसरी, मग तिसरी. ती नाक पडद्याला लावून बघत राहिली. फूल भरलं, गाभा अजून पिवळा होता, तेवढ्यात तिनं स्वतःच लाल ठोकळा दाबला. "पुरे," ती स्वतःशी म्हणाली. दात नसल्यानं त्या शब्दाबरोबर थोडी फुंकर आली.

साहेब बराच वेळ त्या फुलाकडे बघत होते. सही मात्र त्यांनी केली नाही. मुख्याध्यापिकांकडे वळून म्हणाले, "त्या कंपनीच्या प्रस्तावात, हे रेकॉर्डिंग चालू असताना मुलांना ‘पुरे’ कुणी म्हणायचं?"

"त्याबद्दल प्रस्तावात काही नाही, साहेब."

हरकत सापडल्यावर अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान येतं. ते मी ओळखतो. साहेबांनी कंपनीची फाईल मागवली, तिच्यावर लिहिलं, ‘थांबवणार कोण? सविस्तर खुलासा करावा. चर्चा करावी.’ आणि खाली झोकात सही केली. मी तो शेरा उलटा वाचला आणि माझा जीव भांड्यात पडला. ‘खुलासा’ आणि ‘चर्चा’ एकाच शेऱ्यात असलेली फाईल माझ्या उभ्या नोकरीत परत आलेली मी पाहिलेली नाही. ती आता फिरत राहील. मी निवृत्त झाल्यावरही फिरत राहील.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी आरसा घातला आणि विचारलं, "बोलला होतात का?" हिनं मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं घशाचं चित्र बघत होतो. फार माहितीपूर्ण चित्र होतं ते. "गाठी बसल्यात," ते म्हणाले. "आता हळूहळू बोलायला हरकत नाही."

ही हळूहळू बोलू लागली ती दवाखान्याच्या पायरीवरच. गळका नळ, वाकडी तसबीर, ओळंबा आजोबांचा वेग, वहिनींची जाड रेघ, माझी पांढरी चौकट, आणि पाटीवर मावला नव्हता असा एकूण माझ्या बुद्धीचा विषय. घर येईपर्यंत थांबली नाही. मी एकदाही मधे बोललो नाही. माझा चेहरा हिनं पाहू नये म्हणून मी रस्त्यावरची दुकानं बघत चाललो होतो. तो आवाज परत आला होता, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मी हिच्याबरोबर शाळेत गेलो, चिठ्ठी परत करायला. मुख्याध्यापिकांनी नोंदवही उघडली, नकाशांच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पेन उचललं.

"बाई, याचं काम संपलं ना आता? हे निर्लेखित करून टाकू?"

हिनं मला चष्म्यावरून आपादमस्तक पाहिलं. थोडा विचारही केला. मुख्याध्यापिकांनी केला होता त्यापेक्षा कमी, हे मी मुद्दाम मोजलं.

"नको, राहू द्या," ही म्हणाली. "घरी लागतं."

मग हिनं सही केली आणि पहारेकऱ्यानं मला फाटकातून बाहेर सोडलं.